तारप्याची चाल कोणाची?

भाताची कापणी आटोपून खळी भरू लागली, की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रात्री तारपा घुमू लागतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढ्या भांडवलावर हे वाद्य उभे राहते. वादक दम न तोडता फुंकीत राहतो, हातात हात गुंफलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते आणि त्याने चाल बदलली की पावलेही बदलतात. आज याच परिसरातील लग्नांत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि तारप्याच्या सुरांची नक्कल कीबोर्डवर ऐकू येते.

हे पाहून शहरातील रसिक हळहळतात. प्रस्तुत लेखकाला त्या हळहळीत फारसा अर्थ वाटत नाही. विजेच्या ठेक्यावर नाचण्याचा हक्क वारली तरुणांनाही आहे. त्यांनी जुनेच वाजवावे आणि आपण ते पाहावयास जावे, ही अपेक्षा पाहुण्यांच्या सोयीची आहे. चिंतेचा विषय निराळाच आहे. हा सूर बाजारात गेला, तर त्याचे मोल कोणाच्या पदरात पडणार?

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या व्यापारात एक रीत रूढ आहे. संपूर्ण अल्बम येण्यापूर्वी त्यातील एक गीत ‘सिंगल’ म्हणून पुढे पाठवावयाचे. धान्याच्या बाजारात पोत्यातील मूठभर दाणे वानगी म्हणून दाखवितात, तसाच हा प्रकार. गिऱ्हाइकाची नाडी कळते आणि मागाहून येणाऱ्या मालाची हवा तयार होते. अशा गीतात नावीन्यासाठी दूरच्या एखाद्या जमातीचा आवाज वा वाद्य पेरणे हीही आता जुनीच युक्ती झाली आहे. दहा सेकंदांचा तुकडा उचलावा, त्याखाली ठेका घालावा, की काम झाले. तारप्याच्या अखंड घुमणाऱ्या सुराला असा ठेका किती सहज बसेल, हे तो ऐकलेल्या कोणालाही सांगावयास नको.

याचे परिणाम काय होतात, हे तैवानने पाहिले आहे. जर्मनीतील ‘एनिग्मा’ या संगीतप्रकल्पाने १९९३-९४च्या सुमारास आपल्या दुसऱ्या अल्बममधील ‘रिटर्न टू इनोसन्स’ हे गीत सिंगल म्हणून काढले आणि ते जगभर गाजले. त्यातील हृदयाचा ठाव घेणारा आवाज तैवानमधील आमिस या आदिवासी जमातीच्या डिफांग आणि त्यांच्या पत्नीचा होता. १९८८ साली युरोपच्या दौऱ्यात फ्रान्समध्ये त्यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले होते, तेथून तो आवाज उचलला गेला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीसाठीही हे गीत वापरले गेले. १९९८ साली या दांपत्याने दावा लावला, १९९९ साली तडजोड झाली आणि पुढील आवृत्त्यांवर त्यांचे नाव आले. गीत विकले गेले आधी, नाव आले मागाहून, आणि तेही दाव्याच्या दाराने.

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क निर्मात्याकडे ६० वर्षे राहतो. १९९४ साली वादक-गायकांचे हक्क मान्य झाले आणि २०१२च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील मानधनावरचा त्यांचा अधिकार अधिक स्पष्ट झाला. परंतु हा हक्क त्या एका वादनापुरता आणि त्या एका वादकापुरता. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेल्या चालीला कायद्याच्या लेखी मालक नाही. श्रेयनामावलीत तिच्यापुढे ‘पारंपरिक’ एवढा एक शब्द छापला जातो. ऐकावयास तो आदराचा वाटतो. हिशेबाच्या वहीत त्याचा अर्थ ‘कोणाला काही देणे नाही’ असा होतो. सामाईक कुरणात जो आधी कुंपण घालतो त्याचेच ते होते, हा अर्थशास्त्रातील जुना अनुभव येथेही लागू पडतो.

वारली चित्रकलेचा इतिहास या संदर्भात डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. भिंतीवरची ही कला १९७०च्या दशकात कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळे तिला जगात नाव मिळाले आणि त्यांना २०११ साली पद्मश्री लाभली. २०१४ साली या चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. तोवर तारपानृत्याची ती वर्तुळाकार साखळी साड्यांवर आणि कपबशांवर पसरून गेली होती. शिवाय हे मानांकन वस्तूंसाठी आहे. सुरांना त्याचे छत्र मिळत नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंद आहेच. पण व्यक्तीचा गौरव झाला म्हणून समूहाच्या ठेव्याचे रक्षण झाले, असे होत नाही.

मग करावे काय? नवा कायदा येईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास तेथील ग्रामसभा सक्षम मानली आहे. हे कलम जमीन-जंगलाच्या प्रश्नांत वारंवार आठवते, गाण्याबाबत मात्र कोणाला आठवत नाही. ग्रामसभांनी आपल्या चालींची, त्या वाजविणाऱ्यांच्या नावांसह, नोंदवही करावी. ध्वनिमुद्रणास येणाऱ्याने वादकाशी लेखी करार करावा, गावाचे आणि जमातीचे नाव छापावे, आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा ग्रामसभेच्या निधीत घालावा. कायदा याची सक्ती करीत नसला, तरी कराराला मज्जाव कोणी केलेला नाही. या पाड्यांवरील शिकलेल्या मुलामुलींनी तारपा आणि संगणक एकत्र आणून आपलेच गीत काढले, तर त्याहून उत्तम. मात्र त्यांनीही नोंदवही विसरू नये.

१९४५ साली तलासरीजवळच्या झरी येथे वारली एकत्र आले आणि वेठबिगारी नाकारली. आपल्या श्रमाचे मोल आपल्याला मिळाले पाहिजे, एवढीच त्यांची साधी मागणी होती. त्यांच्या नातवंडांच्या सुरांबाबत ती मागणी बदलण्याचे काही कारण दिसत नाही. तारप्याची चाल जगभर वाजो, लोक तिच्यावर खुशाल नाचोत. फक्त ती वाजेल तेथे ‘पारंपरिक’ या शब्दाऐवजी गावाचे नाव असावे आणि त्या नावावर काही जमाही व्हावे.