विंचवाचे बिऱ्हाड पेन ड्राइव्हवर

यंदा नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून आणायला सांगितले आहे. इंदूरची ही जुनी मराठी बोलणारी पिढी आता हळूहळू कमी होत चालली आहे, म्हणून हे काम या सत्रातच व्हावे अशी आमची इच्छा आहे. अडचण मात्र साधीच निघाली. मुद्रण मामांच्या लॅपटॉपवर होते आणि कापाकापी शाळेच्या संगणक कक्षात. ऑफिसच्या लॅपटॉपवर नवे सॉफ्टवेअर टाकायला पासवर्ड लागतो, तो मामांकडेही नसतो. आपल्या कक्षातले संगणक तर बंद केले की मूळ स्थितीवर येतात, दिवसभरात टाकलेले सारे पुसले जाते.

यावर उपाय म्हणजे पोर्टेबल सॉफ्टवेअर. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारे!

एरवी सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले की त्याचा संसार घरभर पसरतो. मुख्य फाइली 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, आपल्या आवडीनिवडी 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरमध्ये, काही नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत. म्हणून नुसते फोल्डर उचलून दुसरीकडे नेले तर आवडीनिवडी मागेच राहतात. पोर्टेबल करणे म्हणजे हा पसारा एकाच फोल्डरमध्ये आणून ठेवणे. 2004 मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स ब्राउझर असा पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवला. त्यातूनच पुढे पोर्टेबलॲप्सचा मोठा संग्रह उभा राहिला.

आपल्या कामाचे सॉफ्टवेअर आहे ऑडॅसिटी. ते मोफत आहे आणि 2000 सालापासून उपलब्ध आहे. त्याची झिप आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, इतर ठिकाणच्या 'फ्री डाउनलोड'च्या नादी लागू नये. झिप पेन ड्राइव्हवर उलगडावी. ज्या फोल्डरमध्ये ऑडॅसिटीची 'ईएक्सई' फाइल दिसते, तिच्याच शेजारी एक रिकामे फोल्डर करावे आणि त्याला 'पोर्टेबल सेटिंग्ज' हे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे. दोन शब्द, मध्ये एक जागा, शेवटी 'एस'. स्पेलिंग चुकले तर ऑडॅसिटी ते ओळखत नाही आणि पुन्हा त्या संगणकातच नोंदी करू लागते. बस, एवढेच! पुढच्या वेळी सुरू होताना ते रिकामे फोल्डर पाहून सॉफ्टवेअर आपल्या नोंदी तिथे ठेवते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मोठ्या मुलांसाठी सांगतो, व्हीएस कोडच्या झिप आवृत्तीत हेच काम 'डेटा' नावाचे फोल्डर करते.

आता पेन ड्राइव्हची गोष्ट. बाजारातले पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने आखलेले येतात. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि ऑडॅसिटीची तिसरी आवृत्ती अशा ड्राइव्हवर प्रकल्प जतनच करू देत नाही. तेव्हा ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. फॉरमॅट केल्याने आतले सर्व पुसले जाते, म्हणून ताईच्या लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा.

मायक्रोफोनची निवड दर संगणकावर नव्याने तपासावी, कारण आवडीनिवडी सोबत येतात पण मामांचा माइक येत नाही. आजोबांना बोलते करण्यापूर्वी दहा सेकंद मुद्रित करून ऐकावे. अशी माणसे एकदा रंगात येऊन जे सांगतात ते दुसऱ्यांदा तसेच सांगत नाहीत.

काही पालकांचा समज आहे की असे सॉफ्टवेअर संगणकावर काहीच खूण ठेवत नाही. तसे नाही. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी विंडोज स्वतः ठेवते. शिवाय ऑफिसच्या संगणकावर बाहेरचे सॉफ्टवेअर चालवायला मनाई असेल तर ती पाळावी, पोर्टेबल ही पळवाट नव्हे. आणि चार घरी फिरलेला पेन ड्राइव्ह व्हायरसही घेऊन येतो, म्हणून कक्षात लावण्यापूर्वी तो शिक्षकांकडून तपासून घ्यावा लागेल.

काम संपले की ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढावा, आणि मुद्रणाची एक प्रत त्याच दिवशी घरी ठेवावी. पेन ड्राइव्ह हरवला तर ऑडॅसिटी पुन्हा मिळेल, आजीचा आवाज मिळणार नाही.