मेक्सिको... ब्रूनोच्या स्पीडने!

तेरा वर्षांच्या, सांधे दुखणाऱ्या लॅब्रेडॉरला घेऊन मेक्सिकोत रोड ट्रिप? वेड लागलंय का? सॅन दिएगोतली माझी मैत्रीण मात्र ठाम होती, ‘पुढच्या वर्षी ब्रूनो असेलच असं नाही. जाईन तर त्याला घेऊनच!’ मग काय, निघालो आम्ही तिघं!

तिहुआना ते काबो सान लुकास. १९७३ साली पूर्ण झालेला बाहा कॅलिफोर्नियाचा हायवे, सुमारे १,७०० किलोमीटर. घाईतली मंडळी तीन-चार दिवसांत पोचतात. आम्हाला सोळा लागले. दर दोन तासांनी ब्रेक, दुपारच्या उन्हात गाडी बंद. रात्री ड्रायव्हिंग नाहीच, कारण अरुंद रस्त्यावर अंधारात गाई येतात. गावोगावी ‘तोपे’, म्हणजे आपले स्पीडब्रेकर! म्हणून ब्रूनोखाली जाड गादी. मुलेहेला नदीकाठी खजुरांच्या सावलीत तो मस्त घोरला आणि आम्ही टाको खात निवांत बसलो.

मेल्यावर कुत्रा माणसाला नदीपार नेतो, अशी ॲझ्टेक लोकांची श्रद्धा होती. इथे पायऱ्या आल्या की आम्हीच त्याला उचलत होतो. मैत्रीण एकदाही कुरकुरली नाही.

तुमच्याही घरी असा म्हातारा दोस्त आहे? डॉक्टरांना विचारा आणि रजा टाका. पुढच्या वर्षी नको, याच वर्षी!