दाबलं की फुगतं!

पेन्सिलीतला ग्रॅफाइट कितीही दिवस पाण्यात बुडवून ठेवा, त्याच्या थरांमध्ये पाणी काही शिरत नाही. दोन थरांतलं अंतर अवघं ०.३३५ नॅनोमीटर! पण याच ग्रॅफाइटला तीव्र आम्लांच्या साथीने ऑक्सिजन चिकटवला की तयार होतं ग्रॅफाइट ऑक्साइड, आणि ते पाण्याला थेट घरात घेतं. बेंजामिन ब्रॉडी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन १८५९ मध्येच केलं होतं.

खरी गंमत २००८ मध्ये दिसली. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठातल्या अलेक्झांडर तालिझिन आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट ऑक्साइड पाण्यासकट दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चेपलं. म्हणजे दाबणाराही कार्बन, दाबला जाणाराही कार्बन! आकसायचं सोडून ते चक्क फुगत गेलं. थरांतलं अंतर २८ ते ३० टक्क्यांनी वाढलं, कारण दाबाने आजूबाजूचं पाणी आत ढकललं जात होतं. दाब किती? सुमारे १३ ते १५ हजार वातावरणांइतका, मारियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या दहापटीहून जास्त. त्यापुढे मात्र पाणी गोठलं आणि थर झटकन जवळ आले. दाब उतरवला की पुन्हा फुगले. मिथेनॉलची तऱ्हा आणखी वेगळी: ठरावीक दाबाला त्याचा अख्खा नवा थर एकदम आत शिरतो.

अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्याला हे फुगणं परकं नाही. आपल्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिजही थराथरांचंच. मृगाचं पाणी थरांत शिरलं की माती फुगते, वैशाखात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे दाबाचीही गरज नाही. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात थरांमध्ये सोडियम जास्त, म्हणून तिथली माती आणखी फुगते, छिद्रं बुजतात, पाऊस मुरता मुरत नाही.

जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्या पट्ट्याने पुढची बातमी नीट वाचावी. ग्रॅफिन ऑक्साइडच्या, म्हणजे ग्रॅफाइट ऑक्साइडच्याच सुट्या केलेल्या थरांच्या, पापुद्र्यांतून खारं पाणी गाळता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. अडचण तीच: पापुद्रा पाण्यात फुगतो आणि मीठ निसटतं. २०१७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात राहुल नायर यांच्या गटाने पापुद्रे एपॉक्सीत घट्ट जखडून त्यांचं फुगणं रोखलं. ग्रॅफिन मिसळलेल्या पापुद्र्यांनी तर ९७ टक्के मीठ अडवलं.