गुळाचा वास, रेणूचं वजन

काहिलीत रस आटू लागला की कोल्हापुरातल्या गुऱ्हाळाभोवती दरवळणारा वास कुठल्या एकाच पदार्थाचा नसतो. रसातली साखर आणि अमिनो आम्लं तापून कितीतरी संयुगं तयार होतात, पायराझिनं त्यांतलीच. ती ओळखतो मास स्पेक्ट्रोमीटर.

आधी गॅस क्रोमॅटोग्राफच्या बारीक, लांब नळीतून वासाचे घटक एकामागून एक सुटे होतात. मग निर्वात पोकळीत त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, सहसा ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. रेणूवर धन प्रभार येतो आणि बरेचसे रेणू फुटतात. अख्ख्या रेणूचं वजन कळतंच (डायमिथिल पायराझिनचं १०८), पण खरी ओळख पटते तुकड्यांवरून; बोटांच्या ठशांसारखा हा नमुना संगणकातल्या संग्रहाशी ताडून पाहतात. तरी २,५ आणि २,६ डायमिथिल पायराझिन ही भावंडं जवळपास सारखीच फुटतात. तिथे नळीतून बाहेर पडायला लागलेला वेळच कामी येतो.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुळात साखर मिसळल्याची तक्रार मात्र जुनीच. मधात उसाची साखर घातली तर मास स्पेक्ट्रोमीटरनेच मोजलेल्या कार्बन-१३ च्या प्रमाणावरून पकडता येते, कारण मध बहुधा उसापेक्षा वेगळ्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या फुलझाडांचा असतो. गुळाच्या बाबतीत ही युक्ती साफ फसते: गूळही उसाचा, साखरही उसाचीच! म्हणून शोधावी लागतात ती साखर शुद्ध करताना निघून जाणारी, गुळात मात्र उरणारी उसाची फिनॉलिक संयुगं. आणि त्यांचं प्रमाणही उसाच्या वाणागणिक बदलतं.