एक ताट जास्तीचं

पोलंडचं आणि कोल्हापूरचं काही नातं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवलं होतं. पुढे सुटका झाल्यावर त्यांतले काही हजार लोक इराणमार्गे भारतात आले. वळिवड्याच्या छावणीत त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या, दवाखाना होता. म्हणजे आपल्या उसाच्या मुलखात चार-पाच पोलिश नाताळ होऊन गेले.

या लोकांचा नाताळ समजून घेण्यासारखा आहे. त्यांचं मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतं. त्याला ते ‘विगिलिया’ म्हणतात. दिवसभर उपास, आणि आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं. घरातली लहान मुलं खिडकीशी ताऱ्याची वाट पाहत उभी असतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संकष्टीला आपण चंद्रोदयासाठी गच्चीवर जातो, रमजानात मगरिबच्या अजानकडे कान लावून बसतो. भुकेल्या पोटानं आकाशाकडे पाहणं सगळ्या धर्मांना ठाऊक आहे.

टेबलावरच्या चादरीखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, येशूचा जन्म गव्हाणीत झाला त्याची आठवण म्हणून. पदार्थ बारा, पण मांस नाही. बीटचं सार, कोबी, अळंबी, मासे, खसखशीची मिठाई, सुक्या फळांचं गोड पाणी आणि आपल्या करंजीच्या आकाराचे, उकडलेले ‘पिएरोगी’. जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात कागदासारखी पातळ पोळी असते, तिचं नाव ‘ओप्वातेक’. एकमेकांच्या पोळीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. वर्षभराचा अबोलाही इथे सोडायचा असतो. झाडावरची सजावट पूर्वी घरीच होई. गवताच्या काड्या, रंगीत कागद, अक्रोड, रिकामी केलेली अंड्याची टरफलं, यांतून ती बनत असे.

आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. ते अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. काही घरांत ते गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठीही असतं. ‘पाहुणा घरात, देव घरात’ अशी पोलिश म्हणच आहे. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. वळिवड्यात तर ज्यांचं घर, गाव, माणसं मागे राहिली होती, त्यांनाच आपण जागा दिली होती. पोलिश लोक निघून गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत बेघर झालेले सिंधी बांधव आले. आज ती वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाते.

आमच्या बोरिवलीच्या इमारतीत एक ईस्ट इंडियन कुटुंब आहे. हा समाज इथला मूळचा, घरात मराठीच बोलणारा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं, की नाताळची खरेदी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हप्त्यांनी फेडावी लागते आहे. त्यांनी वळिवड्याविषयी वाचलं होतं. तिथून त्यांनी दोन गोष्टी उचलल्या: भेट हातानं केलेली असावी, आणि एक ताट जास्तीचं असावं. आजी जुन्या साड्यांची गोधडी शिवते. सून नेवऱ्या आणि कलकल तळते. मुलं खोक्याचा गोठा करतात आणि त्यात ठेवायला वाटीत गहू पेरतात, आपण घटाला पेरतो तसे. दुकानातून येतो तो मैदा, साखर आणि डिंक.

दोन वर्षांपूर्वी २४ तारखेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे पाण्याच्या पंपाची किल्ली मागायला गेलो. आजी म्हणाल्या, “बसा, ताट मांडलेलंच आहे.” मी घरात कळवून बसलो.

या शहरात घर शोधताना माझं नाव सांगितल्यावर “जागा आत्ताच गेली हो” हे वाक्य मी दोनदा ऐकलं आहे. त्यामुळे कोण येणार हे ठाऊक नसताना मांडलेल्या ताटाचं मोल मला जरा जास्त कळतं. त्या ताटावर नाव लिहिलेलं नसतं, म्हणून कुणाचंही नाव तिथे चालतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरून शीरखुर्म्याचं पातेलं त्यांच्याकडे गेलं. मला शिवता येत नाही, तळता येत नाही. मी चार ओळी रचून स्वच्छ अक्षरात लिहून दिल्या. आजींनी त्या फ्रिजवर चिकटवल्या.

सण साधा करायचा म्हणजे कंजुषी करायची, असं नाही. गोधडीला दोन महिने लागतात, तेवढा वेळ तो माणूस आपल्या मनात असतो. वस्तू विकत आणली की हे काम दहा मिनिटांत उरकतं. तुमचा सण दिवाळी असो, ईद असो की नाताळ, यंदा एक भेट हातानं करून पाहा. आणि पानं मोजताना एक पान वाढवून मांडा. कुणी आलं नाही, तर ते अन्न वॉचमनला गरम असतानाच नेऊन द्या.