इनोव्हाचे झिजलेले हात

टोयोटाने २००५ साली क्वालिस बंद करून इनोव्हा आणली. २०१६ मध्ये क्रिस्टा येईपर्यंत विकल्या गेलेल्या जुन्या इनोव्हांपैकी कितीतरी गाड्या पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी करून आजही शिर्डी आणि अष्टविनायकाच्या फेऱ्या मारताहेत. इंजिनाबद्दल मालकाची सहसा तक्रार नसते. पण मधल्या रांगेतल्या कॅप्टन सीटकडे पाहिलं की गाडीचं वय लपत नाही. आर्मरेस्टचे पोपडे सुटलेले, आतून पिवळा पडलेला फोम डोकावतोय आणि कोपर टेकलं की अख्खी आर्मरेस्ट खाली कलंडते.

बाकी सीट धडधाकट असताना आर्मरेस्टच आधी का जाते? कोपर रोज त्याच चार बोटं जागेवर टेकतं. घाम, तेल, क्रीम सगळं तिथेच मुरतं. करोनाच्या काळात सॅनिटायझरची भर पडली, आणि त्यातलं अल्कोहोल वरच्या थराला मुळीच मानवत नाही. शिवाय आपल्याकडे आर्मरेस्ट म्हणजे धरून उठायचा दांडा! मागच्या रांगेतून बाहेर पडणाऱ्या मामा-मावशांचा सगळा भार एका बोल्टवर येतो.

पोपडे धरण्यामागे रसायनाचाही खेळ आहे. नेहमीचं रेग्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं, मग रेग्झिन कडक होऊन तडकतं. हाताला जास्त मऊ लागणारं, ‘लेदर’ म्हणून खपवलं जाणारं कापड बऱ्याचदा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) असतं. स्वस्त पीयूला दमट हवा सोसत नाही. ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळी तुटते आणि थरच्या थर सुटतात. अशा पोपड्यांवर रंग मारण्यात अर्थ नाही, तो पोपड्यासकट निघतो. खऱ्या चामड्याची बारीक भेग मात्र लवचीक फिलर आणि रंगाने बुजवता येते.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात, तर पहिला सल्ला वरून तयार कव्हर चढवण्याचा मिळेल. माझ्या मते ही निव्वळ मलमपट्टी. आत फोम दबून बसलेला असेल तर नव्या कव्हरवर लगेच झोल पडतो.

आधी आर्मरेस्ट सुटी करावी. बाजूची प्लॅस्टिकची टोपी काढली की बोल्ट दिसतो. (नव्या गाडीत सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा, तिथे हात घालू नये.) कलंडणारी आर्मरेस्ट बऱ्याचदा ढिल्या बोल्टची किंवा झिजलेल्या बुशची असते. बोल्ट आवळला किंवा बुश बदललं की निम्मं दुखणं संपतं. आतल्या लोखंडी पट्टीचाच दात झिजला असेल, तर जुन्या बाजारातून आर्मरेस्टचा सांगाडा शोधावा लागतो.

मग फोम. नुसता दबला असेल तर इस्त्रीच्या वाफेने थोडा फुगतो. भुगा होत असेल तर तेवढा भाग कापून जास्त डेन्सिटीच्या फोमचा तुकडा बसवायचा. चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. घाईने थापलेलं जाड सोल्यूशन वाळल्यावर टणक होतं आणि कोपराला खड्यासारखं बोचतं.

खरी कारागिरी कव्हरमध्ये दिसते. जुनं कव्हर ब्लेडने उसवण्याआधी शिवणीच्या दोन्ही बाजूंना खडूने जुळणीच्या खुणा करायच्या, म्हणजे गोलाईवर कापड कुठे किती ओढलंय ते कळतं. त्या तुकड्यांवरून कागदाचा खाका काढायचा. मात्र कोपराखालचा तुकडा ताणून मोठा झालेला असतो. तो जसाच्या तसा छापला तर नवं कव्हर पहिल्याच दिवशी सैल. टाके अति जवळ घेतले की रेग्झिनचं पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं होतं, जरा ताण आला की सरळ फाटतं. आणि रेग्झिनला पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून चुकलेली शिवण उसवून सुधारता येत नाही. दोरा सुती नको, जाड पॉलिस्टरचा हवा; तो उन्हात नायलॉनपेक्षाही जास्त टिकतो.

कोकणात किंवा मुंबईत गाडी वापरणाऱ्यांनी ‘लेदर फिनिश’च्या मोहात न पडता चांगलं पीव्हीसी रेग्झिन किंवा जाड विणीचं कापड घ्यावं. एकच आर्मरेस्ट फाटली असली तरी जोडी एकदमच करून घ्या, कारण पुढच्या रोलची छटा जुळेलच असं नाही. आणि उरलेला वीतभर तुकडा कारागिराकडून आठवणीने मागून घ्या.