पॉइंट ते स्कॅनर

प्रीमियर पद्मिनीच्या काळात गाडी मिसिंग मारू लागली की चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरायचा. धक्के सारखे येतात की मधलाच एखादा गळतो, हे हाताला कळे. मग चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढायची. इंजिन आणखी लटपटलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर बिघाड तिथेच. १०८९ सीसीच्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनाला एवढी परीक्षा पुरत असे.

कारण बहुधा डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडे. पॉइंट जळलेले, गॅप बिघडलेली. पॉलिश पेपर मारून फिलर गेजने गॅप लावली की गाडी सुधारे. तेच पॉइंट पुन्हा जळले तर मात्र कंडेन्सर बघायचा. तो न बघता पॉइंटच बदलत राहणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया. मुंबईच्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला ओल धरे. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडलं की जुन्या वायरींतून निसटणाऱ्या निळ्या ठिणग्या डोळ्यांना दिसत. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची तपासणी मला दुसरी माहीत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तीनच सिलिंडर घेऊन. त्यातला एक बसला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला आणि थरथर थेट स्टेअरिंगपर्यंत.

या सगळ्याला वळण दिलं ते धुराच्या नियमांनी. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० च्या आसपास कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत, आलं. वायर काढून बघण्याची परीक्षा आता महागात पडू लागली, कारण त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. त्याच सुमारास टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी गॅसवर टाकताच मिसिंग मारे. दोष किटच्या माथी मारला जाई. खरा अपराधी पुष्कळदा झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल.

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतःच ओळखून कोड देणारी गाडीतली संगणक व्यवस्था, बंधनकारक झालं. आपल्याकडे ही व्यवस्था २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला बारीकसा अडखळा संगणक टिपतो आणि पी ०३०२ असा कोड देतो, म्हणजे दुसरा सिलिंडर. ही फार मोठी सोय आहे. पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही, आणि इथेच आज जुन्या गाड्यांच्या मालकांचे पैसे जातात. कोड दिसला, कॉइल बदलली. तरीही मिसिंग, मग इंजेक्टर.

करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन हा जुना क्रम आजही लागू आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच खराब. नाही झाला तर प्लग काढून बघा: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेल म्हणजे ऑइल वर येतंय. मग कॉम्प्रेशन मोजा. कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्यानंतरच हेड खोला.